फेरारीने इंजिनं बंद केली म्हणे! दाजींना आलेल्या मेसेजला उत्तर

परवा रात्री साडेदहाला ताईचा फोन. मला वाटलं घरात कुणाचं काही बरंवाईट झालं की काय. तर म्हणे, "अरे, पोराला आयटीआयमधनं काढू का? ह्यांना कायतरी मेसेज आलाय, मेकॅनिकची लाईन संपली म्हणायलेत." भाचा माझा मेकॅनिक मोटर व्हेईकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, खोलीत पोर्शे 911 चं पोस्टर लावून झोपतो. आणि आमचे दाजी म्हणजे ज्यांची आरएक्स हंड्रेड सकाळी पहिल्या किकला चालू झाली नाही तर दुपारपर्यंत घरात कुणाशी बोलत नाहीत असा माणूस. ते ती गाडीसुद्धा विकायला निघालेत. मेसेज वाचून!

मागवून घेतला मेसेज. अर्धा तर हात जोडलेले आणि बोंब मारणारे इमोजीच आहेत, ते काढल्यावर उरतं ते असं: पेट्रोल युगाचा अंत झाला. फेरारी, पोर्शे, लॅम्बोर्गिनी यांनी इंजिनाचे कारखाने बंद केले. 2030 नंतर जगात एकही पेट्रोल स्पोर्ट्स कार बनणार नाही. इलेक्ट्रिकपुढे ह्या गाड्या बैलगाड्या आहेत. भारतातही 2030 ला पेट्रोल गाड्या बंद, जुन्या सरकार जप्त करणार, पार्ट मिळणार नाहीत, आत्ताच विकून मोकळे व्हा. इलेक्ट्रिकचं प्रदूषण शून्य. आणि शेवटी ठळक अक्षरात, मुलांना मेकॅनिक करू नका, भिकेला लागतील. जास्तीत जास्त शेअर करा.

दाजी, हे तुमच्यासाठीच लिहितोय, पण तुमच्यासारखे अजून लई जण असणार म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

फेरारीने कारखाना बंद केला. कुठं बंद केला ओ? इटलीतल्या मारानेल्लोला जून 2024 मध्ये त्यांनी एक नवी इमारत चालू केली, नाव ठेवलं ई-बिल्डिंग. नावात 'ई' दिसलं की ह्यांनी ठरवून टाकलं, गेलं पेट्रोल. त्या इमारतीत पेट्रोल, हायब्रिड (इंजिन आणि बॅटरी दोन्ही असलेल्या), इलेक्ट्रिक तिन्ही गाड्या बनवायची सोय आहे, कंपनीनेच सांगितलंय. आणि त्याच्या महिनाभर आधी, मे 2024 ला, ह्याच कंपनीने जी नवी गाडी दाखवली तिचं नाव 'डोडिची चिलिंद्री', इटालियनमध्ये त्याचा अर्थच बारा सिलिंडर! साडेसहा लिटरचं व्ही 12, टर्बो नाही, बॅटरीची मदत नाही, 9,500 आरपीएमपर्यंत, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांपर्यंत, ओरडत जातं. इंजिनाला कुलूप लावलेला माणूस पोराचं नाव बारा सिलिंडर ठेवेल का बे?

आणि ह्याच्यापेक्षा पक्की गोष्ट सांगतो, बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण एवढं लक्षात ठेवा. 2022 ला फेरारीने गुंतवणूकदारांसमोर सांगितलं होतं की 2030 ला आमच्या मॉडेलांमध्ये 40 टक्के इलेक्ट्रिक, 40 टक्के हायब्रिड आणि 20 टक्के निव्वळ पेट्रोल असेल. ऑक्टोबर 2025 ला त्यांनीच ते गणित उलटं केलं. आता 40 टक्के पेट्रोल, 40 हायब्रिड, 20 इलेक्ट्रिक. म्हणजे इलेक्ट्रिक निम्म्यावर आलं आणि पेट्रोल दुप्पट झालं, तेही 2030 साठीच, म्हणजे मेसेजवाल्याने जे साल तेरवीचं म्हणून दिलंय त्याच सालासाठी. हे पैसे लावणाऱ्या लोकांसमोर बोललेलं आहे, तिथं थाप मारली तर शेअर आपटतो. (तसा तो त्या दिवशी आपटलाच, पण तो नफ्याच्या अंदाजामुळं.)

लॅम्बोर्गिनीचं पण तेच. 2023 ला रेव्हुएल्टो आणली ती व्ही 12, 2024 ला टेमेरारिओ आणली ती व्ही 8, 10,000 आरपीएमला जाणारी. दोन्हीत बॅटरी आहे, पण इंजिनाच्या जोडीला, इंजिनाच्या जागी नाही. त्यांची पूर्ण इलेक्ट्रिक गाडी 2028 ला येणार होती, ती ढकलली पुढं. बुगाटीने तर 2024 ला व्ही 16 काढलं, 8.3 लिटर. सोळा सिलिंडर, दाजी!

पोर्शेचं जरा सविस्तर सांगतो कारण पोराच्या भिंतीवर तीच आहे. 2022 ला पोर्शे म्हणत होती की 2030 ला आमच्या शंभरातल्या ऐंशीपेक्षा जास्त गाड्या इलेक्ट्रिक असतील. मग 2024 उजाडलं आणि त्यांची इलेक्ट्रिक टायकन 40,629 वरून 20,836 वर आली, जवळपास निम्मी. त्या वर्षी टायकनचं मॉडेल बदलत होतं हे खरं, सगळा दोष इलेक्ट्रिकवर टाकत नाही मी. पण त्याच वर्षी 911 विकली गेली 50,941, आधीपेक्षा थोडी जास्तच. सप्टेंबर 2025 ला कंपनीने शब्द फिरवला, 718 नावाची जी गाडी फक्त इलेक्ट्रिक करणार होते तिच्या वरच्या मॉडेलांना पेट्रोल इंजिन ठेवणार म्हणाले.

आता कबूल करायचं ते करतो, जिवावर येतंय पण करतो. मेसेजमध्ये एक दाणा खरा आहे. गाड्या बंद पडल्यात, बऱ्याच पडल्यात. ऑडी टीटी 2023 ला गेली, आर 8 2024 ला गेली, जग्वार एफ-टाइप 2024 ला गेली आणि जग्वार आता फक्त इलेक्ट्रिकच बनवणार म्हणते. निस्सानची जीटी-आर, जिच्यावर आमची अख्खी पिढी व्हिडिओ गेममध्ये वाया गेली, तिची शेवटची गाडी ऑगस्ट 2025 ला बाहेर पडली. पेट्रोलवाली 718 सुद्धा ऑक्टोबर 2025 ला थांबली. आणि गंमत बघा, युरोपात ती त्याच्या आधीच 2024 ला विक्रीतनं गेली होती, ती धुरामुळं नाही, गाडीतल्या कॉम्प्युटरच्या सायबर सुरक्षेचा नवा नियम आला त्यात ती जुनी रचना बसेना म्हणून. म्हणजे गाडी मेली की कारण इलेक्ट्रिकच, असं नसतं.

आणि खरी रडायची गोष्ट मेसेजवाल्याला दिसलीच नाही. कोट्यवधीची फेरारी वाचणार आहे ओ, तिची काळजी तुम्ही आम्ही करायची गरज नाही. मरायलीय ती साध्या माणसाची मजेची गाडी. आपल्याकडे पोलो 2022 ला बंद झाली, जीटीवाली आमच्या मित्राकडे होती, अजून तिच्या आठवणी काढतो. 2025 ला फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय आणली, 53 लाख, फक्त 150 गाड्या. स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस आणली, 50 लाखाला धरा, फक्त 100. दोन्ही बाहेरनं तयार आणलेल्या, दोन्ही हातोहात संपल्या. पेट्रोलची स्पोर्टी गाडी संपली नाही, ती वरच्या मजल्यावर राहायला गेली, आणि लिफ्ट आपल्यासाठी नाही. ह्यावर मेसेज लिहिला असता तर मी स्वतः पुढं पाठवला असता.

वेगाचा मुद्दा पटकन. हो, इलेक्ट्रिक जोरात पळते, वादच नाही. सप्टेंबर 2025 ला चीनच्या यांगवांगची इलेक्ट्रिक गाडी ताशी 496 किलोमीटर वेगाने पळाली. पण लोक स्पोर्ट्स कार फक्त वेगासाठी घेत असते तर ह्युंदाईने आयोनिक 5 एन मध्ये खोटे गिअर आणि खोटा इंजिनाचा आवाज कशाला टाकला असता? ते टाकलंय आणि लोकांना तेच आवडलंय. दोन टनाच्या वर वजन असलेली गाडी पळते भन्नाट, पण गिअरचा झटका नसला की ड्रायव्हरला करमत नाही. शिवाय आपल्या सोलापुरात बाळ्यापासून सात रस्त्याला यायला 496 चा उपयोग काय, ते मला कळलं नाही.

आता जे खरं डोक्यात गेलं तिकडं येतो. भारतात 2030 ला बंद आणि जुन्या गाड्या जप्त.

2030 आलं कुठनं, तर 2017 ला पीयूष गोयल मंत्री असताना म्हणाले होते की 2030 पर्यंत देशात सगळ्या गाड्या इलेक्ट्रिकच विकल्या जाव्यात. तो कायदा नव्हता, इच्छा होती, नंतर सरकारनेच ते 30 टक्क्याच्या आसपास आणलं. 2019 ला नीती आयोगाकडनं असाच प्रस्ताव आला होता, 150 सीसीच्या आतल्या दुचाक्या 2025 पासून फक्त इलेक्ट्रिक. गेलं की 2025. बंद झाल्या का? शोरूमबाहेर जाऊन बघा. उलट 22 सप्टेंबर 2025 ला सरकारने काय केलं, छोट्या पेट्रोल कार आणि 350 सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरचा जीएसटी 28 वरून 18 वर आणला. पाच वर्षांनी ज्याचा गळा दाबायचाय त्याला कुणी आज तूप-रोटी वाढतं का? ब्रिटनचं 2030 आहे ते खरंय, पण ते निव्वळ पेट्रोल-डिझेलच्या नव्या गाड्यांचं, हायब्रिडला 2035 पर्यंत मुभा आहे आणि मॅकलारेन, अॅस्टन मार्टिनसारख्या छोट्या कंपन्यांना सूट. युरोपचं 2035 आहे, तेही नव्याच गाड्यांसाठी, आणि डिसेंबर 2025 ला त्यांच्या कमिशनने ती अट सैल करायचा प्रस्ताव ठेवलाय. जुनी गाडी दारातनं उचलून नेऊ असं ह्यातलं कुणीच म्हणत नाही.

जप्ती आली दिल्लीहून. तिथं हरित लवादाने आणि सुप्रीम कोर्टाने डिझेलला 10 आणि पेट्रोलला 15 वर्षांची मर्यादा घातली होती, दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यापुरती. 2025 च्या जुलैला तिथं जुन्या गाड्यांना पंपावर पेट्रोल द्यायचं नाही असं सुरू केलं आणि दोन-चार दिवसात गुंडाळलं. तो दिल्लीचा व्हिडिओ कापून कुणीतरी आपल्या माथी मारला. आपली गाडी एमएच 13, सोलापूरची, दाजी. 15 वर्षं झाली की आरटीओत जायचं, पर्यावरण कर भरायचा, गाडी दाखवायची, पास झाली की पाच वर्षं वाढवून मिळतात. तुम्ही स्वतः हे केलंय! रांगेत मी होतो तुमच्यासोबत, मे महिन्यातल्या उन्हात, आणि रसाचे पैसे मी दिले होते. फी वाढलीय, 20 वर्षांपुढच्या दुचाकीला ऑगस्ट 2025 पासून 2,000 रुपये, ह्याचा राग करा हवं तर. पण जप्ती?

पार्ट मिळणार नाहीत हे तर तुम्ही फॉरवर्ड करावं म्हणजे कमाल आहे. आरएक्स हंड्रेड 1996 ला बंद झाली. त्या गोष्टीला तीस वर्षं होत आली. पिस्टन-रिंगचा सेट मागच्या दिवाळीत कुणी आणला? बोअर कुणी करून घेतला? एका बंद पडलेल्या टू-स्ट्रोकवर बसून तुम्ही लोकांना सांगायलात की बंद गाडीचे पार्ट मिळत नाहीत. लोक ज्या गाडीवर जीव टाकतात तिचे पार्ट कुणीतरी बनवतंच, कारण त्यात पैसा आहे.

प्रदूषण शून्य म्हणणाऱ्याला फताटेवाडीला घेऊन जा, एनटीपीसीचा 1,320 मेगावॅटचा वीज बनवायचा प्लांट आहे, कोळशावर. तरी पेट्रोल इंजिन निम्म्याहून जास्त ताकद नुसती उष्णतेत घालवतं, मोटर तसं करत नाही, म्हणून हिशेब इलेक्ट्रिकच्याच बाजूने झुकतो. पण शून्य नाही. पुढं.

मेकॅनिक. ताई, हे तू पण वाच. 2024-25 मध्ये देशात विकलेल्या शंभर नव्या कारमागे इलेक्ट्रिक तीन पण भरत नव्हत्या. उरलेल्या सत्त्याण्णव पुढची पंधरा वर्षं तरी रस्त्यावर असणार, त्यांचा क्लच, त्यांचं टायमिंग, त्यांचा रेडिएटर कोण बघणार, मेसेज लिहिणारा? आणि इलेक्ट्रिकला काय ब्रेक नसतात? सस्पेन्शन, स्टिअरिंग, बेअरिंग, एसी, वायरिंग, सगळं तेच. वजन जास्त म्हणून टायर उलट लवकर जातात. हायब्रिडमध्ये तर इंजिन पण आहे आणि हाय व्होल्टेज बॅटरी पण, म्हणजे दोन्ही येणारा माणूस लागतो. पोराने करायचं एवढंच की हा कोर्स संपला की हाय व्होल्टेजचं काम शिकायचं, आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक व्हेईकलचा वेगळा ट्रेडच आहे आता. स्कॅनर लावून कोड वाचायला तो आत्ताच माझ्यापेक्षा चांगला शिकलाय. नुसता कार्ब्युरेटर खोलून पोट भरेल असं मी म्हणत नाही, तो काळ गेला, तेवढं मेसेजवाल्याचं बरोबर. पण दुसऱ्या वर्षाला आलेलं पोर काढून घरी बसवायचं, आणि ते कशाच्या जोरावर, तर इमोजीच्या?

भाच्याला काल विचारलं, तू काय म्हणतोस. म्हणाला, "मामा, पप्पांना सांगा गाडी विकायची असेल तर मला द्या, मी हप्त्याने पैसे देतो." हप्ता कशातनं देणार ते त्यालाच माहीत.

तर दाजी, त्या गिऱ्हाईकाला नाही म्हणून कळवा. रविवारी मी येतोय, गाडी व्हरांड्यात काढून ठेवा, कार्ब्युरेटर पोरालाच खोलू दे, आपण दोघं नुसतं बाजूला उभं राहून चुका काढू. टू-टी ऑइलची एक बाटली माझ्याकडे पडलीय, घेऊन येतो.