ट्रॉलीत काय भरताय, मामा?

परवा मामाने गावाच्या ग्रुपवर फोटो पाठवला. तलाव आटलाय, जेसीबी लागलाय, ट्रॉल्यांची रांग. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही तलावातला गाळ शेतात टाकायची सरकारी योजना आमच्या हिंगणघाटकडच्या वावरांत अशीच येते, मृगाच्या आधी, घाईघाईने. खाली गावातल्यांची जुंपली होती. एक म्हणे फुकटचं खत, दुसरा म्हणे एमआयडीसीचं विष. अर्ध्या तासात विषय घसरला तो कॅरीबॅगवर. आपल्याकडे २०१८ पासून प्लास्टिक म्हणजे कॅरीबॅगच. भाजीवालीची पिशवी जप्त झाली की बंदी झाली.

मी राहते नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला, तिथे गाळ हा सरकारी डोकेदुखीचा विषय आहे. ऱ्हाइन नदीने शेकडो मैलांवरच्या कारखान्यांचं आणून टाकलेलं बंदरात साचतं. त्यातला समुद्रात टाकण्याजोगाही नसलेला गाळ ठेवायला १९८७ मध्ये समुद्रकाठी मोठा खड्डाच बांधला. तो गाळ शेतात टाकायचं इथे कुणी स्वप्नातही आणणार नाही.

विष गाळात कसं बसतं, त्याचं एक उदाहरण घ्या. पीव्हीसी प्लास्टिक मऊ करायला घातलेली थॅलेट्स नावाची रसायनं प्लास्टिकला पक्की चिकटलेली नसतात, हळूहळू सुटतात. पाण्यात फारशी विरघळत नाहीत, बारीक काळ्या गाळातल्या सेंद्रिय कणांना धरून बसतात, आणि तळाशी हवा नसल्याने लवकर कुजतही नाहीत. म्हणजे शेतकऱ्याला जो गाळ सर्वांत कसदार दिसतो, तोच ती धरून ठेवतो. नदीचं पाणी तपासून ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्यांना हे सापडत नाही. आपल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा रकाने आहेत: नत्र, स्फुरद, पालाशपासून बोरॉनपर्यंत. यासाठी रकाना नाही.

पण इथलं सगळं उचलून तिकडे न्या, असं मी म्हणणार नाही. २०१९ मध्ये इथे नियम आला: नॉनस्टिक तव्याच्या लेपासारख्या वस्तूंतली पीएफएएस रसायनं किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असली, तर ती माती किंवा गाळ स्वच्छ जमिनीवर नेऊन टाकायचा नाही. एवढी तर जवळजवळ कुठेही सापडत होती. बांधकामं, गाळउपसा ठप्प. ऑक्टोबरात हेगच्या मैदानात क्रेन आणि ट्रक घेऊन लोक उतरले, डिसेंबरात मर्यादा ०.८ च्या आसपास नेली. श्रीमंत देशालाही न झेपलेला नियम आमच्या तालुक्याने काय म्हणून झेलावा?

म्हणून सरसकट बंदी मला नको. गावाच्या वरच्या अंगाचा, फक्त पावसाचं पाणी येणारा तलाव आणि कारखान्यांच्या नाल्याखालचा बंधारा, एवढा फरक तरी करा. दुसऱ्या ठिकाणचा गाळ जेसीबी लावण्याआधी तपासा, आणि तपासणीचे पैसे शेतकऱ्याकडून घेऊ नका. कुठल्याच सभेत ही एवढीशी मागणी ऐकू येत नाही. कॅरीबॅगचा फोटो चांगला येतो, गाळाच्या नमुन्याचा येत नाही.

मामाला फोन लावला. “तू तिकडं बसून आमाले भेव नोको दाखवू, बाई. मागच्या साली टाकला त वावर कसं झालं, पायलं नं तू?” पाहिलं होतं, कपाशी खरंच छान होती. मग विचारलं, यंदाचा कुठला?

“अर्धा तलावाचा. अर्धा नाल्यावरच्या बंधाऱ्याचा.” जरा थांबून म्हणाला, “तो भाजीच्या पट्टीत टाकला.”