पाठीवरचे सात हजार शब्द

आमच्या दहावीच्या ग्रुपवर रात्री साडेनऊला वाद पेटतो, तेव्हा माझ्याकडे बारा वाजलेले असतात. गेल्या आठवड्यातला वाद नेहमीचाच. आमच्या शाळेतली पाचवीची एक तुकडी पटाअभावी बंद होणार, आणि समोरची इंग्लिश मीडियम दुसरा मजला चढवतेय. त्यावर प्लॉटिंगच्या धंद्यातल्या एका वर्गमित्राने ते वाक्य टाकलंच : "चीन, जपान, तैवान बघा. इंग्रजीवाचून त्यांचं काय अडलं?" खाली अकरा अंगठे. त्यातल्या निदान सहा जणांची मुलं त्याच दुसऱ्या मजल्यावर बसणार आहेत.

बारा वर्षं मी तैवानात राहते, सिंचूजवळ चुपेइला. चीन-जपानचं मला माहीत नाही, पण तैवानचं नाव काढलं की माझी झोप जाते. काय अडलं ते बघायचं तर बाबा, हायस्पीड स्टेशनच्या मागच्या गल्लीत रात्री साडेनऊला येऊन उभा राहा. बूशीबान, म्हणजे शाळेनंतरचे खासगी क्लास, सुटतात. सकाळी साडेसातला शाळेत गेलेली पोरं त्याच गणवेशात बाहेर पडतात, सेव्हन-इलेव्हनच्या दुकानातून चहात उकडलेलं अंडं घेतात आणि ते सोलता सोलता एकमेकांना इंग्रजी शब्द विचारतात. उद्या चाचणी असते. परवाही असते.

शेजारचा मुलगा दोन वर्षं माझ्याकडे इंग्रजी वाचायला येतो. पैसे नाहीत, बदल्यात त्याची आई माझं चिनी, म्हणजे मँडरिन, सुधारते. तो आठवीत आहे. नववीच्या शेवटी, मे महिन्यात, त्यांची मोठी परीक्षा असते. तोपर्यंत १२०० शब्द लिहिता-बोलता यावेत आणि एकूण २००० ओळखता यावेत अशी अपेक्षा. पुढे बारावीपर्यंत 'सात हजार'. अधिकृत यादी आता सहा हजारांच्या आसपास आणलीय, पण पोरांच्या आणि पुस्तकांच्या दुकानांच्या तोंडी सात हजारच बसलेत. बारावीच्या जानेवारीतल्या परीक्षेत गाळलेल्या जागा, उतारे, भाषांतर आणि किमान १२० शब्दांचा निबंध. इंग्रजीवाचून अडत नाही म्हणे.

पाठ करण्याला चिनीत 'पेइ' म्हणतात. त्याच अक्षराचा दुसरा अर्थ शरीराची पाठ. गुरुजींकडे पाठ करून धडा म्हणून दाखवायचा, त्यावरून आलं म्हणतात. आपल्याकडेही पाठ आणि पाठ. दोन्हींचं मूळ संस्कृतात वेगळं आहे हे कळतं, तरी हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी एवढी हसले की पोरगा घाबरला. त्याच्या पाठीवरचं दप्तर उचलून बघितल्यावर हसू थांबलं.

शब्द त्याला येतात. वाचता येत नाही. एका सराव-उताऱ्यात पोहण्याच्या तलावावरची सूचना होती : 'द पूल विल बी क्लोज्ड अनलेस द रिपेअर इज फिनिश्ड बाय फ्रायडे.' सगळे शब्द पाठ, स्पेलिंगसकट. 'अनलेस'चा चिनी अर्थही त्याने घडाघडा सांगितला. आणि तलाव नक्की बंद, या पर्यायावर खूण केली. कारण चिनीत अट बहुतेक आधी सांगतात, मग परिणाम. हा 'क्लोज्ड'पर्यंत पोचला तेव्हा त्याच्या लेखी वाक्य संपलं होतं, पुढचा मजकूर ओवाळणीसारखा. आपणही तसंच बोलतो की : शुक्रवारपर्यंत दुरुस्ती झाली नाही, तर तलाव बंद. मीही पाचवीत नेमकी इथेच अडले होते. तसंच ते 'द मॅन हू केम यस्टरडे'. मराठीत 'काल आलेला माणूस'. चिनीत अगदी शब्दाला शब्द लावून काल-आलेला-माणूस. इंग्रजी आधी माणूस उभा करतं आणि मग त्याच्यामागे शेपूट जोडतं. मी त्याला वाक्य शेपटाकडून धरायला शिकवलं. पेन्सिलीने शेपटाखाली रेघ मारायची, आधी ते वाचायचं, मग मागे यायचं. 'अ' आणि 'द' आम्हा दोघांच्याही भाषेत नाहीत, त्यामुळे त्यांची भीती मला आतून माहीत आहे. 'ही' आणि 'शी' मात्र त्याचं त्यालाच निस्तरावं लागतं, कारण चिनीत दोन्हींचा उच्चार एकच, 'था'. व्हिडिओ कॉलवर माझ्या आईला बघून तो म्हणाला, "ही इज व्हेरी काइंड." आईला इंग्रजी येत नाही ते बरं.

एका क्लासने मला सात वर्षांपूर्वी नाकारलं होतं. नेटिव्ह स्पीकर हवा म्हणाले. माझ्याऐवजी जो आला तो कुठल्याशा बीचवरून थेट आल्यासारखा दिसायचा आणि 'द' कुठे लावायचा असं विचारलं की "जस्ट फील इट" म्हणायचा. असो. हे मी ग्रुपवर कधी सांगितलेलं नाही. तिथे मी 'परदेशात इंग्लिश शिकवते'.

तर वर्गमित्राला मी लांबलचक उत्तर लिहायला घेतलं. तैवानची मुलं इंग्रजीसाठी आपल्याएवढाच घाम गाळतात, पण इंग्रजी हा त्यांचा एक विषय आहे. विज्ञान चिनीत. प्रकाशसंश्लेषणाला त्यांच्याकडे जो शब्द आहे त्यात प्रकाश, संयोग आणि क्रिया हे तिन्ही अर्थ उघडे दिसतात. सातवीतल्या पोराला वेगळी व्याख्या लागत नाही. रेल्वे म्हणजे आग आणि गाडी. आगगाडी! आपण ती मोडीत काढली, त्यांच्याकडे रोज धावते. आणि ज्या वस्तूवर हे अख्खं गाव जगतं ती सेमीकंडक्टर म्हणजे अर्ध-वाहक-पदार्थ. १९८० साली इथलं सायन्स पार्क उभं राहिलं, ते चिनीतून पदार्थविज्ञान शिकलेल्या लोकांनी चालवलं. (त्यांच्यातले म्होरके अमेरिकेतून शिकून आलेले होते, हे मी उत्तरात लिहिलं नाही. सोयीचं नव्हतं.) 'अर्धवाहक' आम्हीही शाळेत शिकलो होतो. अकरावीला साताऱ्याच्या कॉलेजात मी तो शब्द उच्चारला आणि वर्ग हसला. सर पण हसले. त्या हसण्याची फी आपण इंग्लिश मीडियमला भरतो, असंही एक बाणेदार वाक्य मी टाइप केलं.

शिवाय आपल्याकडे २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. इथल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात तिसरीपासून. म्हणजे सुरुवात आपली आधी. २०२५च्या जूनमध्ये पहिलीपासून हिंदीच्या निर्णयावरून ग्रुपवरचे सगळे भाषाशास्त्रज्ञ झाले होते, तो निर्णय मागे घेतल्यावर पेढ्यांचे फोटो आले. मग मराठी वाचनाचं काय, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

इथेही खूळ आहेच. २०१८ मध्ये सरकारने ठरवलं की २०३० पर्यंत देश द्विभाषिक करायचा. तेव्हापासून काही शाळांत पीटीचा तास इंग्रजीत. आमच्या इमारतीतली एक आई सांगत होती, सर 'बेंड युवर नीज' शिकवण्यात इतके गुंततात की पोरं घामेजतच नाहीत. मला हे ऐकून उगाच बरं वाटलं.

उत्तर जवळजवळ तयार होतं. शेवटी लिहिलं होतं : 'ते मातृभाषेत शिकतात, हाच फरक.' आणि तिथेच बोट थांबलं.

कारण त्या पोराची आजी. ती हक्का बोलते. चुपेइच्या जुन्या घरांतून ती भाषा अजून ऐकू येते. कचऱ्याच्या गाडीचं बीथोवन वाजलं की आजी आणि मी पिशव्या घेऊन एकदमच खाली उतरतो, आणि ती माझ्याशी हक्कातच बोलते, मला कळतं की नाही याची फिकीर न करता. नातवाशीही बोलते. तो मान हलवतो आणि चिनीत उत्तर देतो. म्हणजे त्याच्या घरातली भाषा चिनी नव्हेच, निदान दोन पिढ्यांपूर्वी नव्हती. ती शाळेने आणली. आजीच्या लहानपणी शाळेत घरची भाषा बोललं की दंड व्हायचा, गळ्यात पाटी अडकवायचे. हे तिच्या सुनेने मला सांगितलं, आजीने कधीच नाही. आता शाळेत आठवड्यातून एक तास 'मायबोली' असते. त्या तासाला पोरगा इंग्रजीचे शब्द पाठ करतो. मला माहीत आहे, कारण ती यादी मीच दिलेली असते.

मी उत्तर पुसलं.

आमची लेक बारा वर्षांची आहे. चिनी उत्तम, इंग्रजी उत्तम, हे मी न विचारता सांगते. मराठी समजते. बोलते तेव्हा क्रियापदं शेवटी येईपर्यंत धीर सुटतो तिचा. देवनागरी मी दर मे महिन्यात सुरू करते आणि जूनमध्ये सोडते. शेजारच्या पोराला दोन वर्षांत एकही शनिवार मी चुकवलेला नाही.

काल शनिवारच होता. पोरगा नुकताच गेला होता, टेबलावर त्याच्या पेन्सिलीचा चुरा होता. आईचा फोन आला. पावसाने पडवी गळतेय, असं ती सांगत होती. लेकीने मला विचारलं, पडवी म्हणजे काय. मी "व्हरांडा" म्हणाले आणि आईकडे वळले. थोड्या वेळाने बघते तर लेकीने तो शब्द वहीत उतरवून घेतला होता, बोपोमोफोत, म्हणजे इथल्या शाळेत शिकवतात त्या चिनी उच्चारचिन्हांत. त्या ३७ चिन्हांत आपला 'ड' नाही. 'व'ही नाही. जे जवळचं सापडलं ते तिने लिहिलं होतं. मग फोन माझ्या हातातून घेऊन तिने ते आजीला वाचून दाखवलं, "पा-ला-उई."

आई म्हणाली, "हो गं बाय, तीच. तीच गळतेय."