‘काकांनी स्वतः कधी कुंपण घातलेलं दिसत नाही’

बंगल्याच्या कुंपणाला जीआय जाळी (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाची) सुचवणाऱ्या माझ्या लेखाखाली ‘सडेतोड’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. तिचा गोषवारा असा: पुण्याच्या उन्हात या जाळीपेक्षा डब्ल्यूपीसीच्या (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या) फळ्या बऱ्या, त्यांना रंग लागत नाही आणि आडोसाही होतो, त्यांच्या बाणेरच्या घराला पश्चिमेकडून लावलेल्या फळ्या दोन वर्षं जशाच्या तशा आहेत, लेखात दर नाहीत, आणि शेवटी, ‘काकांनी स्वतः कधी कुंपण घातलेलं दिसत नाही, यूट्यूब बघून लिहिलंय.’

दरांचं खरं आहे. लोखंडाचा भाव सारखा हलतो म्हणून मी ते टाळले, पण रनिंग फुटाचा, म्हणजे कुंपणाच्या लांबीच्या दर फुटामागचा, निदान अंदाज द्यायला हवा होता. इथे तुमचं बरोबर.

आता शेवटच्या वाक्याकडे येऊ. एक तर मी तुमचा काका नाही. वयाचा मान म्हणून लिहिलं असतंत तर आनंदच होता, पण ज्या वाक्यात ते आलंय त्यात मान कुठे दिसत नाही. टोपणनावाआडून असं लिहायला फार काही लागत नाही.

उमेदीची वर्षं मी भोसरीत फॅब्रिकेशनमध्ये काढली. ग्रिल, गेट, जाळीच्या फ्रेम हेच काम. माल गॅल्व्हनायझिंगला, म्हणजे जस्ताचा थर चढवायला, जायचा तेव्हा जस्ताच्या कढईशी उभं राहिलेलो आहे. 450 अंशांच्या आसपासचं ते जस्त असतं. ज्याला वितळायलाच 420 अंश लागतात, त्याचं एप्रिलमधल्या 40 अंशांनी काय होणार? जाळी उन्हाने जात नाही. ती जाते वेल्डिंगपाशी, जिथे जस्त जळून गेलेलं असतं आणि कारागीर वरून नुसता चंदेरी रंग फासून मोकळा होतो. आणि खांबाच्या बुडाशी, जिथे पावसाळाभर पाणी साचतं. म्हणून तर लेखात म्हटलं होतं की आधी वेल्डिंग, मग हॉट डिप, म्हणजे अख्खी फ्रेम वितळलेल्या जस्तात बुडवणं. आणि खांबाभोवतीचं काँक्रीट जमिनीच्या वर घेऊन त्याला चारी बाजूंनी उतार द्या. हे यूट्यूबवर असेलही. मी तिथून घेतलेलं नाही.

वडिलांचा मांजरीकडे प्लॉट होता, तिथलं कुंपण आम्ही घरच्यांनीच घातलं. काळी माती. मे महिन्यात तिला भेगा पडतात आणि खांब दुधाच्या दातासारखा हलायला लागतो. जूनमध्ये तीच माती फुगते आणि त्याला तिरका करते. आपल्याकडचं ऊन कुंपणाला बाधतं ते असं, खालून. मुरूम लागेपर्यंत खणायचं हे मी तिथे पहार हातात घेऊन शिकलो. कोथरूडच्या टेकडीलगत हातभर खाली मुरूम लागतो, तिथल्या लोकांना हे दुखणं ठाऊक नसतं. बाणेरलाही बहुधा नसावं.

फळ्यांबद्दल थोडक्यात. त्यांत प्लास्टिक असतं, त्यामुळे उन्हात लांबतात. एप्रिलमध्ये रात्र 20-22 अंशांची आणि दुपार 40 ची, उन्हातली वस्तू त्याहूनही तापते. तीन मीटरचा लोखंडी पाइप 30 अंशांच्या फरकाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो, फळी त्याच्या काही पट. गडद रंगाची असेल तर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. टोकाला जागा सोडली नसेल, स्क्रू घट्ट आवळले असतील, तर तिला बाक येणारच. दोन वर्षांवरून कुंपणाचा निकाल लागत नसतो.

आडोसा हवा असेल तर जाळीवर कृष्णकमळ चढवा. रस्त्यावरच्या माणसाला तुमच्या ताटात काय वाढलंय हे बघायची हौस असते, असं मला तरी वाटत नाही.

बाकीच्या मुद्द्यांना उत्तर देण्याइतकं त्यात काही नाही. मात्र यंदाच्या मे महिन्यात एखाद्या दुपारी तीनच्या सुमारास त्या पश्चिमेच्या फळ्यांवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून बघा, आणि जे दिसेल ते इथेच लिहा. खऱ्या नावाने लिहिलंत तर उत्तम.