रंग निगेटिव्हमध्ये नव्हताच

‘मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून रिस्टोअर केलेली प्रत’ अशी पाटी वाचली की रंग अस्सलच असणार, असं आपण धरून चालतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांतल्या ब्रिटिश आणि अमेरिकन टेक्निकलर (तेव्हाची रंगीत चित्रपटांची एक पद्धत) चित्रपटांच्या बाबतीत असं धरून चालता येत नाही, कारण त्या निगेटिव्हमध्ये रंग नव्हताच.

टेक्निकलरच्या कॅमेऱ्यात भिंगामागे लोलक असे आणि तो प्रकाशाचे दोन भाग करी. एक भाग हिरव्या फिल्टरमधून एका फिल्मवर पडे. दुसरा बाजूला वळून, एकमेकींना चिकटून धावणाऱ्या दोन फिल्मवर. त्यातली पुढची निळा टिपायची, मागची लाल. तिन्ही फिल्म कृष्णधवल. मागच्या फिल्मपर्यंत प्रकाश पुढचीतून जाऊन पोचायचा, म्हणून लाल रंगाची नोंद मुळातच जरा मऊ येई.

रंग चढायचा तो प्रयोगशाळेत. प्रत्येक निगेटिव्हवरून जिलेटिनचा उठाव असलेली ‘मॅट्रिक्स’ फिल्म बनवत. जिलेटिन जिथे जाड, तिथे रंग जास्त शोषला जाई. लालची मॅट्रिक्स सायन (हिरवट निळ्या) रंगात, हिरव्याची मॅजेंटात (जांभळट गुलाबीत), निळ्याची पिवळ्यात बुडवायची आणि एकाच फिल्मवर एकामागून एक दाबायची. ठशांनी कापड छापतात, तसंच. ठसा किंचित सरकला की पांढऱ्या-काळ्याच्या कडेला रंगीत किनार दिसे. शिवाय रंग ओला असताना थोडा पसरायचा, त्यामुळे चित्राला एक प्रकारची नरमाई यायची.

छायाचित्रकार हे सगळं धरूनच प्रकाशयोजना करत. ‘ब्लॅक नार्सिसस’ (१९४७) बघा. गोष्ट हिमालयातली, पण युनिट भारतात आलंच नाही. बहुतेक काम लंडनजवळच्या पाइनवूड स्टुडिओत झालं. दऱ्याखोऱ्या काचेवर रंगवलेल्या, काही पार्श्वभूमी म्हणजे मोठे केलेले कृष्णधवल फोटो आणि त्यांवर खडूचे रंग. छायाचित्रकार जॅक कार्डिफनी प्रकाशाने त्यात जीव ओतला आणि ऑस्कर मिळवलं. आता याच निगेटिव्हमधून डिजिटल यंत्राने शेवटचा तपशील खेचून काढला, तर डोंगर नाही, खडूच दिसणार. ही अस्सलता नव्हे, हे चित्रपटाचं नुकसान आहे.

काटेकोर काम कसं असतं ते बॅले नर्तिकेची गोष्ट सांगणाऱ्या ‘द रेड शूज’च्या (१९४८) २००९मधल्या रिस्टोरेशनमध्ये दिसतं. निगेटिव्हवर बुरशी चढली होती आणि फिल्म आकसली होती. तिन्ही फिल्म सारख्या आकसत नाहीत, हीच खरी पंचाईत. चौकटीचा मध्य जुळवला तर कोपरे सुटतात. म्हणून प्रत्येक नोंद वेगळी स्कॅन करून फ्रेमगणिक एकमेकींवर बसवावी लागते. पण हे फक्त जुळवणं झालं. रंग किती गडद, सावली किती काळी, याचा साक्षीदार एकच: त्या काळी अशी ठशांनी छापलेली ‘डाय-ट्रान्सफर’ प्रिंट. सुदैवाने तिचे रंग फारसे उडत नाहीत. १९५०नंतर आलेल्या ईस्टमनकलर या दुसऱ्या प्रकारच्या रंगीत फिल्मच्या जुन्या प्रिंट मात्र गुलाबी पडतात, कारण त्यांच्यातला सायन आधी जातो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की जुनी प्रिंट शेजारी ठेवल्याशिवाय कुणी टेक्निकलरच्या रंगांना हात लावू नये.

आपल्याकडच्या चित्रपटांनाही हे लागू आहे. सोहराब मोदींनी ‘झांसी की रानी’साठी (१९५३) ‘गॉन विथ द विंड’चे छायाचित्रकार अर्नेस्ट हॉलर यांना बोलावून टेक्निकलर वापरलं होतं. अशा चित्रपटांच्या रंगीत प्रिंटचा शोध निगेटिव्हइतक्याच तळमळीने घ्यायला हवा.

घरी बघताना टीव्हीचा ‘व्हिव्हिड’ मोड बंद करा, रंगाचं तापमान ‘वॉर्म’वर ठेवा, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. या चित्रपटांची चौकट १.३७:१, म्हणजे आजच्या टीव्हीपेक्षा अरुंद आहे, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसायलाच हव्यात. पडदा भरायला चित्र ताणलं की चेहरे फुगतात, कापलं तर नर्तिकेचे पायच चौकटीबाहेर जातात.