दोनच अक्षरे

सॅपवर, म्हणजे कंपन्यांचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करणाऱ्या माणसाला मोठ्या बदलाची भीती वाटत नाही. मोठ्या बदलासाठी बैठका होतात, तासांचा हिशेब होतो आणि निदान समोसे तरी येतात. धसका असतो तो किरकोळ बदलाचा. ग्राहकाला वाहतूकदाराचा संकेतांक दहाऐवजी बारा अक्षरांचा हवा होता, आणि आमचे व्यवस्थापक जाता जाता म्हणाले, “दोनच अक्षरं वाढवायची आहेत, जेवणाआधी उरकून टाका.” कोणत्या दिवसाच्या जेवणाआधी, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

एसई११ हा टेबलांची रचना दाखवणारा पडदा उघडून टेबल पाहावे, तर रकान्याची लांबी तिथून बदलता येत नाही. रकाना डेटा एलिमेंटकडे, म्हणजे त्याचा अर्थ आणि लेबले सांगणाऱ्या नोंदीकडे, बोट दाखवतो, डेटा एलिमेंट डोमेनकडे, म्हणजे मजकुराचा प्रकार सांगणाऱ्या व्याख्येकडे, दाखवतो, आणि लांबी ठरते ती डोमेनमध्ये. ही व्यवस्था शहाणपणाची आहे यात वाद नाही, कारण एका जागी केलेला बदल सगळीकडे लागू होतो. संकट असते ते या ‘सगळीकडे’मध्येच. पूर्वी कोणी तरी ‘झेडचार१०’ (यातला ‘चार’ आकडा नव्हे, ‘कॅरेक्टर’ म्हणजे अक्षर) नावाचे डोमेन करून ठेवले होते, आणि दहा अक्षरांचे जे जे काही पुढे लागले ते ते प्रत्येकाने त्याच्याच गळ्यात बांधले होते. वापराची यादी काढली, तेव्हा वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर निघावेत तसे हिस्सेदार निघाले: गेटपास, वजनकाट्याची पावती, आणि ‘एमएच’पासून शेवटच्या आकड्यापर्यंत बरोबर दहा अक्षरांत बसणारा वाहन क्रमांक. शिवाय लांबी बारा केली असती तरी नाव ‘झेडचार१०’च राहिले असते, आणि पुढच्या पिढीने माझा उद्धार केला असता तो वेगळाच.

म्हणून नवे डोमेन आणि नवे डेटा एलिमेंट करायचे ठरवले. डेटा एलिमेंटला लेबले द्यावी लागतात; त्यांतल्या आखूड लेबलाला दहा अक्षरांची मर्यादा असते, आणि इंग्रजीत ‘ट्रान्सपोर्टर’ लिहायला अकरा अक्षरे लागतात. कोणते अक्षर गाळावे यावर ग्राहकाच्या दोन अधिकाऱ्यांत जी पत्रापत्री झाली, ती मूळ मागणीपेक्षा लांब होती. अखेर ‘ई’ गळाला.

मग टेबलालाच हात घालावा, तर ते एका सहकाऱ्याच्या ट्रान्सपोर्ट रिक्वेस्टमध्ये, म्हणजे बदल पुढच्या सिस्टीमकडे नेणाऱ्या गाठोड्यात, अडकलेले, आणि सहकारी गणपतीला कोकणात, जिथे त्याच्या घराच्या मागच्या पडवीत एकाच कोपऱ्यात मोबाइलला रेंज येते. त्याच्याच रिक्वेस्टमध्ये आपला टास्क जोडून काम करता येते, पण मग माझी दोन अक्षरे त्याच्या अर्धवट कामाचा हात धरून थेट प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहकाच्या चालू कारभारात, जाणार. त्याला आरतीच्या मध्ये फोन करून ती रिक्वेस्ट मोकळी करवून घेतली, हे पुण्य कोणाच्या खात्यावर जमा झाले ते गणपतीच जाणे.

बदल चालू करण्याच्या बटणावर काडेपेटीच्या पेटत्या काडीचे चित्र असते. हे चित्र ज्याला सुचले, त्याला या कामाचा अनुभव असला पाहिजे. काडी लावली की नोंदवहीत पिवळ्या इशाऱ्यांची रांग उमटते, आणि ‘एन्हान्समेंट कॅटेगरी’ (टेबलात पुढे भर कशी घालता येईल ते सांगणारी खूण) दिलेली नाही ही तक्रार तीत हटकून असतेच; ती वाचणारा मनुष्य मी अजून पाहिलेला नाही. सुदैवाने लांबी वाढवणे डेटाबेसला सहसा सोपे जाते. हीच लांबी कमी करायची असती, तर टेबलाचे रूपांतर करावे लागते: जुन्या टेबलाला ‘क्यूसीएम’ उपपद लावून बाजूला ठेवायचे, नवे टेबल उभारायचे आणि सगळी माहिती त्यात ओतायची. लाखो नोंदींच्या टेबलावर हे चालू असताना माणसे देवाचे नाव घेतात, नास्तिकसुद्धा.

व्यवस्थापकांना काम झाल्याचे कळवले. “एवढा वेळ?” असे म्हणून त्यांनी ग्राहकाची पुढची मागणी वाचून दाखवली: वाहन क्रमांक नीट वाचता यावा म्हणून मधे तीन मोकळ्या जागा सोडून साठवावा.