खुकरी रक्त मागत नाही

काल पाहुणे आले होते आणि भिंतीवरची खुकरी, म्हणजे गोरख्यांचा वाकड्या पात्याचा सुरा, बघून पहिला प्रश्न तोच, जो मी लहानपणापासून ऐकतेय. "ही एकदा बाहेर काढली की रक्त लागल्याशिवाय परत आत ठेवत नाहीत ना?" नाही हो. असं काही नसतं. इतक्यांदा सांगून झालंय की आता लिहूनच टाकते.

आम्ही मूळचे कराडकडचे, पण बाबा गोरखा रेजिमेंटमध्ये, त्यामुळे माझी शाळेची बरीच वर्षं सुबाथूला गेली. हिमाचलमधलं छोटंसं कॅन्टोन्मेंट, पहिल्या आणि चौथ्या गोरखा रेजिमेंटचं ट्रेनिंग सेंटर तिथेच आहे. तिथे खुकरी दिवसातून दहा वेळा बाहेर निघायची, लंगरमध्ये, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, बोकड तोडायला, खोली गरम ठेवणाऱ्या बुखारीसाठी लाकडं फोडायला, तंबूच्या खुंट्या तासायला. गावाला आजोबांच्या हातात कोयता असायचा ना, अगदी तसंच. कोयत्याला कुणी विचारतं का रक्ताचं?

एक सुबेदार साब होते, मला नानी म्हणायचे, नेपाळीत लहान मुलीला लाडाने तसं म्हणतात. त्यांनी मला खुकरी काढायला शिकवलं. म्यान मागच्या बाजूनेच धरायचं, धारेकडे बोटं गुंडाळायची नाहीत, कारण पातं म्यानाची शिवण कापून बाहेर येऊ शकतं. मी नको तेच केलं आणि अंगठ्यावर अजून तो वण आहे. म्यानाच्या मागे दोन छोट्या सुऱ्या असतात, कर्द बारीकसारीक कापाकापीला आणि चकमक बोथट, तिने धार सरळ करायची, गारगोटीवर घासून ठिणगी पण पाडायची. मुठीजवळ पात्याला जी खाच असते ती कौडी. कुणी म्हणतं गायीचं खूर, कुणी म्हणतं शंकराचा त्रिशूळ.

लढाईचं हत्यार आहेच, ते मी कुठे नाकारतेय, १९७१ ला आताच्या बांगलादेशात, सिल्हेटच्या बाजूला अटग्रामला ४/५ गोरखाचे, म्हणजे पाचव्या गोरखा रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनचे, जवान खुकरी घेऊनच शत्रूच्या ठाण्यांवर तुटून पडले होते. पण ज्या माणसांनी हे केलं त्यांना रक्तपिपासू समजणं मला सहन होत नाही. इतकी मायाळू माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

आणि आता ती येणंच थांबलंय. १९४७ ला दहा गोरखा रेजिमेंटपैकी सहा आपल्याकडे राहिल्या, तेव्हापासून नेपाळची पोरं येत होती. २०२० पासून तिथली भरती बंद, आधी कोविड, मग २०२२ ला अग्निपथ आलं आणि चार वर्षांच्या नोकरीला नेपाळ सरकार काही तयार झालं नाही. सुबेदार साबांच्या घरात तीन पिढ्या आपल्या फौजेत, नातू भरतीची तयारी करत होता, आता कतारला गेलाय. ह्याच्यावर आपल्याकडे कुणी बोलत पण नाही.

खंडेनवमीला आम्ही आजोबांचा कोयता आणि खुकरी एकाच पाटावर मांडतो. नेपाळात तेव्हाच दशैं, म्हणजे तिकडचा दसरा, असतो. दरवर्षी त्या दिवशी नेपाळहून सुबेदार साबांचा फोन येतो आणि हॅलोच्या आधी प्रश्न, "नानी, खुकुरीमा तेल लगायौ?" खुकरीला तेल लावलंस का?