गोव्याच्या नाताळ फराळाबद्दलच्या फॉरवर्डचा खुलासा

दर डिसेंबरला तोच मेसेज फिरतो, की गोव्यात नाताळला जे गोडधोड बनतं ते सगळं पोर्तुगालहून आलंय आणि तिकडेही घरोघरी हेच खातात. अहो नाही. पोर्तुगालमध्ये २४ तारखेच्या रात्री बहुतेक घरांत खारवलेला कॉड मासा, बटाटे, कोबी असं जेवण असतं आणि गोडाला 'बोलो रे' नावाचा सुकामेव्याचा गोल केक असतो; आपल्या गोव्याच्या दोदोलसारखी (नारळ-गुळाची मऊ मिठाई) काही नाही.

आता गोव्याचं ताट बघा. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच, गोव्यातल्या हिंदू घरांत त्या चवथीला (गणेश चतुर्थीला) होतात, नाताळला ख्रिश्चन घरांत. दोदोल तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा गूळ तासन् तास घोटून करतात (हात भरून येतात हो), आणि ते श्रीलंका, मलेशिया, इंडोनेशियातही बनतं. बेबिंका या थरांच्या गोड पदार्थात एवढे अंड्याचे बलक घालायची पद्धत पोर्तुगीज वळणाची, हे मान्य, पण त्यात नारळाचं दूधही असतं आणि थरावर थर वरून निखारे ठेवून भाजतात. २०२३ मध्ये त्याला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन, म्हणजे अमुक पदार्थ अमुक भागाचा अशी अधिकृत ओळख) मिळाला, तोही गोव्याच्याच नावाने.